पहिला गिअर, मागे दगड

पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी एक दगड असतो. पार्किंग तळघरात आहे आणि फरशी इतकी सपाट आहे की पाणी सांडलं तर त्यालाही कुठे जावं ते सुचत नाही. त्यामुळे दगडाचं प्रयोजन काय, अशी विचारणा सोसायटीच्या चिटणीसांनी मला दोनदा केली. पहिल्यांदा मी सांगितलं की सवय आहे. दुसऱ्यांदा त्यांनी भर सभेत विचारलं, तेव्हा मी सांगितलं की दगड अमरावतीचा आहे. पुण्यात अमरावतीचं नाव काढलं की लोक तिथला उन्हाळा आठवून गप्प बसतात.

दगड मला इंगळे वकिलांनी दिला.

बँकेच्या बदलीवर मी अमरावतीला गेलो तेव्हा छत्री तलावाच्या बाजूला एका कॉलनीत घर भाड्यानं घेतलं होतं. अमरावती तशी सपाटच, पण त्या अंगाला जमीन टेकडीकडे उठत जाते, आणि आमच्या गल्लीत तर ती फारच उठली होती. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत नसत. सुटलेला चेंडू थेट बडनेरा स्टेशनात सापडतो, असं म्हणत. उताराच्या तळाशी, वळणावर, एक रसवंती होती. वरून जे काही सुटेल ते रसवंतीच्या चिपाडांच्या ढिगात येऊन थांबायचं. रसवंतीवाला ढीग मुद्दामच उचलत नसे.

पहिल्या दिवशी सामान उतरवून झाल्यावर मी मोटारसायकल दारात साइड स्टँडवर लावली, हँडल लॉक केलं आणि आत गेलो. अंघोळ झाली, चहा झाला, भांड्यांची खोकी उघडून झाली. मग बायको म्हणाली, बाहेर कुणीतरी केव्हाचं आपल्या गाडीला धरून उभं आहे.

बाहेर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पॅण्ट, काळा कोट खांद्यावर टाकलेला. एक हात माझ्या गाडीच्या सीटवर, दुसरा हँडलवर.

"गाडी तुमची?"

"हो."

"हे असी काहून लावली?"

पुण्याच्या कानाला हा भांडणाचा सूर वाटतो. मी म्हणालो, "तुमच्या वाटेत येत असेल तर काढतो."

"वाटेचं नाही म्हणून राहिलो मी. तोंड खाली हाय तिचं. तोंड खाली असलं का गाडी पुढं सरकते. पुढं सरकली का स्टँड दुमडते. स्टँड दुमडलं का काय होते?"

"पडते," मी म्हणालो.

"बरोबर," ते म्हणाले, आणि न्यायाधीशानं हे उत्तर लिहून घ्यावं म्हणून थांबावं तसे क्षणभर थांबले.

मी विचारलं, "मग तुम्ही बेल का नाही वाजवली?"

"बेल वाजवाले हात सोडा लागला असता."

हेच इंगळे वकील. ते समोरच्या घरातून कोर्टात निघाले होते. त्या दिवशी त्यांच्या एका दाव्याला पुढची तारीख पडली, हे मला मागाहून कळलं.

दुसऱ्या संध्याकाळी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मला वाटलं, पेढे असावेत. आत काळा दगड निघाला, एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं पाचरीसारखा निमुळता. त्यावर पांढऱ्या रंगानं आमच्या घराचा नंबर घातला होता. "नवीन घर हाय तुमचं," ते म्हणाले. "रिकाम्या हातानं कसं येनार?" गल्लीतल्या प्रत्येक घराला त्यांनी असा एकेक दगड दिला होता. दिवाळीत लोक अंगण धुताना तो दगडही धूत असत.

वकीलसाहेबांची स्वतःची गाडी जुनी, काळी, चार गिअरची होती. ती लावण्याचा कार्यक्रम रोज संध्याकाळी होई आणि मी बाल्कनीतून तो पाहत असे. आधी ते घरावरून पुढे वर जात, वळत नसत. मग गाडी बंद न करता पायानं हळूहळू मागे घेत, मागचं चाक पायरीला टेकेपर्यंत. तोंड चढाकडे. मग इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच सोडून गाडी एकदा मागे-पुढे हलवून गिअर धरतो की नाही ते बघायचं. मग साइड स्टँड. डबल स्टँडला उतारावर ते हात लावत नसत. "ते बेईमान हाय," म्हणत. मे महिन्यात डांबर मऊ होऊन स्टँड त्यात रुतायचं, म्हणून डिक्कीत शहाबादी फरशीचा एक तुकडा असे, तो स्टँडखाली. मग मागच्या चाकाला दगड. मग हँडल लॉक.

एवढं करूनही ते लगेच घरात जात नसत. फाटकापर्यंत जायचे, थांबायचे, मागे वळून गाडीकडे बघायचे. अगदी थोडा वेळ, पण पूर्ण लक्ष देऊन. मग "उभी हाय," असं स्वतःशीच म्हणून आत जायचे. कोर्टाचं आवार सपाट आहे, पण तिथेही हेच. तिथले पक्षकार आपल्या वकिलाची वाट पाहत नसत, वकिलाचं गाडीकडे पाहून होण्याची वाट पाहत.

त्यांच्या या सवयीमागे काहीतरी घडलेलं असणार, असं गल्लीत सगळ्यांना वाटे. कुणी म्हणे, तरुणपणी त्यांची गाडी घसरून एक म्हातारा जखमी झाला. कुणी म्हणे, गाडी सुटली ती थेट विहिरीत गेली. मी एकदा धीर करून विचारलं.

"काही झालं नाही, जोशीसाहेब," ते म्हणाले. "माह्या आयुष्यात एकबी गाडी घसरली नाही. लोकायले वाटते का कायतरी झालं असन, तवाच हा माणूस असा वागते. अरे, काही होऊ नये म्हून माणसानं काही करूच नये काय?"

मग म्हणाले, "चालत्या गाडीकडे सगळे पाह्यतात. चालवनारा तिच्यावर बसेल असते, तो पाहून घेईन. उभी करून माणूस निघून जाते ना, त्याच्या मागं ती कशी राह्यते, ते पाहा लागते."

त्यांच्या पत्नीचं मत वेगळं होतं. काकू म्हणायच्या, "लगीन झालं तवा यांच्यापाशी सायकल होती म्हून वाचली मी. नाहीतं मलेबी दगड लावला असता."

गल्लीनं त्यांना वेडं म्हणायचं की नाही, हे ठरत नव्हतं. ते गल्लीतल्याच गावंड्यांच्या घरच्या मयतीत ठरलं. गावंड्यांचे वडील वारले तेव्हा गावोगावचे लोक आले होते आणि ज्याला जिथे सुचेल तिथे त्यानं गाडी लावली होती. तिरडी बांधत होते. वकीलसाहेब आले, दारातून हात जोडले, आणि मागे वळून त्यांनी गाड्यांची रांग पाहिली. त्यानंतर ते रडणाऱ्या माणसांमधून फिरू लागले. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत, कानाशी वाकत, आणि चावी मागत. माणसं डोळे पुसत चावी काढून देत. सांत्वनाचाच काही प्रकार असावा, असं त्यांना वाटलं असेल.

तिरडी उचलली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या गाड्या चढाकडे तोंड करून ओळीत उभ्या होत्या आणि मधून रस्ता मोकळा होता. चार खांदेकरी त्या उतारावरून नीट खाली गेले. तेराव्याला गावंडे मला म्हणाले, "बाबांच्या मयतीत बाकी सगळा गोंधळच होता, साहेब. गाड्याच तेवढ्या बरोबर लावेल होत्या." त्यानंतर वकीलसाहेबांना कुणी हसलं नाही. म्हणजे समोर हसलं नाही.

पण याचा खरा ताप होता पल्लवीला.

पल्लवी ही त्यांची एकुलती एक मुलगी. अकोल्याला कृषी विद्यापीठात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला, बडनेऱ्याहून रोजचं अपडाऊन. तिच्यासाठी स्थळं येत. वकीलसाहेब शिक्षण बघत नसत, पगार विचारत नसत, पत्रिका तर त्यांच्या घरात कुणी कधी बघितलीच नव्हती. पाहुणे येण्याच्या वेळी ते खिडकीशी पडद्याआड उभे राहत आणि मुलगा गाडी कशी लावतो ते बघत.

बडनेऱ्याच्या रेल्वेतल्या एका मुलानं गाडी डबल स्टँडवर लावली, तोंड उताराकडे. पोहे आले. मुलगा आपल्या बढतीबद्दल सांगत असताना बाहेर धप्प असा आवाज झाला. वकीलसाहेबांनी हातातली पोह्यांची बशी संपवली, पाणी प्यायले, मग म्हणाले, "तुमची गाडी रसवंतीवर पोचली असन. घेऊन या." मुलगा गाडी घ्यायला गेला तो तिकडूनच गेला. नागपूरचा एक मुलगा कारनं आला. वकीलसाहेबांनी विचारलं, गाडी गिअरमध्ये आहे का. तो म्हणाला, "हँडब्रेक आहे ना अंकल." तो विषय तिथेच मिटला. तिसरा हुशार निघाला, ऑटोनं आला. त्याच्याबद्दल काकूंनी विचारलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "त्याच्याविषयी पुरावाच नाही."

एका शनिवारी संध्याकाळी पल्लवी आमच्याकडे आली. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "काका, एक काम होतं. बाबांले सांगू नोका."

प्रयोगशाळेतच निखिल नावाचा एक मुलगा होता, अकोल्याचा. दोघांचं ठरलं होतं. निखिल पुढच्या रविवारी मागणी घालायला येणार होता.

"मग चांगलं आहे की," मी म्हणालो.

"कायचं चांगलं, काका? अकोल्यात उतारच नाही. त्यानं जन्मात गाडी अशी लावेल नाही." ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. "बाबा नाही म्हनले तं मी पळून नाही जानार. तेवढं मले नाही जमनार. अन् दुसऱ्या कोणाशी लगीनबी नाही करनार. मंग बसू आमी दोघं बाप-लेक या उतारावर, एकमेकांले दगड लावून."

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे आदल्या रविवारी, सकाळी तलावाच्या पुढच्या चढावर मी निखिलची तयारी करून घेतली. मुलगा सालस होता. मातीचे कण, क्षार, ओल याबद्दल तो तासभर बोलू शकत होता. पण ती माती कोणत्या बाजूला कलली आहे, याच्याशी त्याचा संबंध आला नव्हता. "सर, उतार नेमका कोण्या बाजूनं हाय?" असं त्यानं रस्त्याकडे बराच वेळ बघून विचारलं, तेव्हा माझं अवसान गळालं होतं. पण तो चुकला की परत लावायचा. ऊन चढेपर्यंत त्याला ते जमलं. जाताना मी त्याला सरावासाठी माझा दगडही दिला. या दगडावर माझ्या घराचा नंबर आहे, हे ना माझ्या ध्यानात आलं, ना त्याच्या.

ठरलेल्या दिवशी मलाही बोलावणं होतं. मे महिन्याची दुपार. पडदे ओढलेले, कूलर घरघरत होता, काकू स्वयंपाकघरात. वकीलसाहेब खिडकीशी.

निखिल आला. घरावरून पुढे वर गेला, गाडी पायानं मागे घेतली, चाक पायरीला टेकवलं. इंजिन बंद, पहिला गिअर, मागे-पुढे हलवून पाहिलं. स्टँडखाली फरशीचा तुकडा. चाकाला दगड. हँडल लॉक. मग फाटकाशी येऊन थांबला, मागे वळला आणि गाडीकडे पाहिलं. इथे मात्र तो जरा जास्तच बरोबर वागला.

वकीलसाहेबांनी पडदा सोडला. चष्मा लावून ते बाहेर गेले, गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि दगड वाचून परत आले. सगळे बसल्यावर त्यांनी निखिलला विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

निखिलनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

"जोशी सरांनी," तो म्हणाला.

"कवा?"

"मागच्या रविवारी. तलावाच्या तिकडे. आधी लय चुकलं, मंग जमलं."

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं, राग काढता येतो. ते नुसते दमल्यासारखे दिसले. म्हणाले, "शिकवेल साक्षीदार हाय, जोशीसाहेब. त्याच्या साक्षीले मी कितीक वजन देऊ?"

काकू आतून म्हणाल्या, "पोट्टं खरं तं बोललं!"

"विचारल्यावर बोललं."

पल्लवी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, कुणाच्या हातात कप दिला नाही, आणि आत गेली. मला स्वतःचा संताप आला. मुलगा साधा, न शिकवलेलाच आला असता तर निदान स्वतःच्या चुकीनं नापास झाला असता. आता तो माझ्या विद्येनं नापास झाला होता.

वकीलसाहेब मग निखिलला कामाबद्दल विचारू लागले, अतिशय सभ्यपणे. विरुद्ध बाजूच्या वकिलाशी ते याच आवाजात बोलत. निखिलही बिचारा सांगत होता, की काळी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि त्या भेगांमधून—

तो वाक्याच्या मध्येच उठला आणि बाहेर पळाला.

दारातून समोरचं दिसत होतं. एक पार्सलवाला आपली मोटारसायकल आमच्या शेजारच्या तीन मजली घरापुढे लावून वर गेला होता. तोंड खाली, साइड स्टँडवर, मागे पार्सलांची भलीमोठी पिशवी. स्टँड डांबरात रुतलं होतं आणि गाडी सावकाश, पेंगणाऱ्या माणसासारखी, कलत चालली होती. उताराच्या खाली रसवंतीवर माणसं बसलेली. निखिलनं ती दोन्ही हातांनी धरली. हँडल लॉक होतं, त्यामुळे ती वळवता येत नव्हती. सोडताही येत नव्हती. तो तिथेच उभा राहिला.

चपला त्यानं वकीलसाहेबांच्या दारात काढलेल्या होत्या. अमरावतीचं मेमधलं डांबर ज्यानं पाहिलं आहे, त्याला पुढचं सांगायला नको. तो एक पाय उचलायचा, तो टेकवायचा, दुसरा उचलायचा. हात मात्र जागचे हलत नव्हते. त्यानं वर तोंड करून हाक मारली, पण त्या घरात सगळे कूलर चालू होते.

वकीलसाहेब खिडकीतून पाहत होते. किती वेळ पाहिलं कोण जाणे, मला तो फार वाटला. मी उठू लागलो तर त्यांनी हातानं बसवलं.

"हे शिकवलं होतं तुमी त्याले?" त्यांनी हळू विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

"यातलं काहीच नाही शिकवलं."

त्यांनी खुंटीवरचा आपला पांढरा दुपट्टा काढला, जो ते उन्हात डोक्याला बांधत. दारात वाकून निखिलच्या चपला उचलल्या. मुलीच्या बापानं, तेही त्यांच्या वयाच्या माणसानं, होणाऱ्या किंवा न होणाऱ्या जावयाच्या चपला हातात धरून रस्ता ओलांडायचा, हे आमच्याकडे होत नाही, त्यांच्याकडेही होत नाही. काकू आतून बाहेर आल्या आणि पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. पल्लवी त्यांच्या मागे.

त्यांनी चपला निखिलच्या पायाशी ठेवल्या.

"काका, तुमी काहून... नोका ना!" निखिल गडबडला.

"पाय घाल. धरतो मी."

त्यांनी गाडी धरली. निखिलनं चपला घातल्या. मग त्यांनी एका हातानं दुपट्टा त्याच्या डोक्यावर टाकला आणि म्हणाले, "बांध. ऊन लागन." आणि दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

बऱ्याच वेळानं पार्सलवाला खाली आला. चांगला मिशीवाला, दांडगा माणूस. आपली गाडी दोघांनी धरलेली पाहून तो जिन्यातूनच ओरडला, "ओ, काय चालू हाय? गाडी सोडा!"

"सोडता येत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "हे असी काहून लावली?"

तो पार्सलवाला पुढे कधीही आमच्या गल्लीत आला की गाडी खाली रसवंतीवर लावून पायी वर चढायचा.

आत आल्यावर वकीलसाहेबांनी हात धुतले आणि काकूंना म्हणाले, "पोहे राहू दे वं. जेवाले वाढ." पाहायला आलेल्या मुलाला त्या घरात जेवायला वाढल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पल्लवीनं ताटं मांडली. निखिलचं ताट तिनं दोनदा पुसलं.

लग्न थंडीत झालं; माझा दगड त्याआधीच माझ्या दारात परत आला होता. विहारात वंदना झाली, फुलं टाकली, त्यांच्या पद्धतीनं थोडक्यात आणि नेटकं. नवरी निघायच्या वेळी वकीलसाहेब कुठे दिसेनात. शोधलं तर ते वऱ्हाडाच्या बसमागे सापडले. बस आमच्या उतारावर उभी होती आणि सकाळी त्यांनीच तिच्या चाकाला दगड लावला होता. सगळे बसले, पल्लवी बसली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दगड फार रुतला आहे, असं ते मागून सांगत होते. तो काढायला त्यांना बराच वेळ लागला. मी मदतीला वाकलो तेव्हा दगड हातानं सहज हलत होता. मी तसाच सरळ झालो आणि ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. त्यानंतर काही काळानं ते गेले, झोपेत, कुणाला काही त्रास न देता. पल्लवीचा फोन आला. रडता रडता म्हणाली, "बाबांची गाडी तशीच हाय काका, पहिल्या गिअरात. कोनी हातच नाही लावला." मला जाता आलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे. पण त्यामुळे माझ्यासाठी ते शेवटचे दिसतात ते अकोल्यात.

बदलीचा हुकूम हातात आला होता तेव्हा ते म्हणाले, "चाला, पोरीचं घर पाहून येऊ." लग्नानंतर ते पहिल्यांदाच जात होते. काकूंचे गुडघे प्रवासाला नाही म्हणत होते आणि त्यांना एकट्याला जायचं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं नाही पण मला समजलं. बडनेऱ्याहून रेल्वेनं गेलो. अकोल्यात उतरल्यावर ऑटोतून ते सारखे रस्त्याकडे बघत होते. "सपाट हाय सगळं," ते म्हणाले. तक्रार होती की समाधान, ते कळलं नाही.

घरासमोर निखिलची मोटारसायकल होती. मागचं चाक भिंतीला टेकलेलं, पहिला गिअर टाकलेला, स्टँडखाली फरशी. आणि त्या ताटासारख्या सपाट अंगणात, चाकाशी, दगड.

वकीलसाहेब उभे राहिले. गिअर हलवून पाहिला. मग वाकले, दगड उचलला आणि जास्वंदीच्या कुंडीशी नेऊन ठेवला.

"इथं कायले?" ते निखिलला म्हणाले. "लोकायच्या पायात येईन."

"तुमी येनार होते म्हून..."

"आलो ना मी. आता नोको."

जेवायला पल्लवीनं रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. वकीलसाहेबांनी घरातल्या खिडक्या, नळ, कूलरचं पाणी, सगळं नुसतं पाहून घेतलं. जेवल्यावर थोडा वेळ आडवे झाले आणि चक्क घोरले. मुलीच्या घरी बाप झोपला म्हणून पल्लवीनं घरातल्या कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही.

निघालो. निखिल ऑटो आणायला पुढे कोपऱ्यावर गेला होता. पल्लवी फाटकापर्यंत आली. वाकून पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघं चालू लागलो.

इतकी वर्षं त्यांच्यासमोर राहून मलाही ती खोड लागलेली होती. थोडं पुढे गेलो आणि माझे पाय आपोआप थांबले. मी मागे वळून पाहिलं. पल्लवी फाटकाला धरून उभी होती. मला वाटलं, वकीलसाहेबही माझ्याशेजारी थांबले असतील, पाहत असतील. शेजारी कुणी नव्हतं. ते तसेच पुढे चालत गेले होते, मान खाली घालून, भराभर, मागे न वळता.

मी गाठलं तेव्हा ते ऑटोत बसले होते. निखिल बाजूला उभा राहून नमस्कार करत होता. ते समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहत होते. मी बसल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमी पाह्यलं काय मागं?"

"पाहिलं."

"उभी हाय ना?"

"आहे."

"मंग चाला," ते ऑटोवाल्याला म्हणाले.